कन्सोल घ्यावा की संगणक?

आरे कॉलनी व गोरेगाव येथील पालक आम्हांस पुष्कळदा विचारतात की, मुलगा प्लेस्टेशन मागतो. त्यापेक्षा संगणक घेतला तर काय बिघडेल? प्रश्न रास्त आहे. विद्यार्थ्यांनी तो हट्टाने न सोडविता विज्ञानाचे उदाहरण सोडवितात तसा सोडवावा.

दोहोंत पूर्वीइतका भेद आता उरलेला नाही. 2006 सालच्या प्लेस्टेशन 3 मधील ‘सेल’ प्रोसेसर अगदी निराळ्या घडणीचा होता. 2013 च्या प्लेस्टेशन 4 पासून सोनीने संगणकात असतात त्याच जातीचे प्रोसेसर घातले. मग कन्सोलचा विशेष तो कोणता? त्याचा एकसारखेपणा. एका नमुन्याचा कन्सोल गोरेगावात असो वा टोकियोत, आतून सारखाच. खेळातील ऊन, सावली, पाणी रंगविण्यास ‘शेडर’ नावाचे लहान प्रोग्रॅम लागतात. कन्सोलसाठी ते खेळ रचणाराच अगोदर सिद्ध करून पाठवितो. संगणकांची ग्राफिक्स कार्डे नाना प्रकारची. म्हणून त्या कामाचा शेवटचा भाग खेळणाराच्या घरी, कधी ऐन खेळात, उरकावा लागतो व खेळ अडखळतो. महागड्या संगणकासही हे चुकत नाही, याची आम्हांस मौज वाटते!

दुसरा लाभ द्रव्याचा. 2 फेब्रुवारी 2021 रोजी प्लेस्टेशन 5 भारतात आला, तेव्हा डिस्कचा नमुना 49,990 रुपयांस व बिनडिस्कचा 39,990 रुपयांस होता. तेवढ्यात त्या ताकदीचा संगणक जुळविणे त्या वेळी दुरापास्तच होते. शिवाय डिस्क मित्रास उसनी देता येते, खेळून झाल्यावर विकता येते. बिनडिस्कच्या यंत्रात हा व्यवहारच खुंटतो. आणि 2024 च्या प्लेस्टेशन 5 प्रोला तर डिस्क-ड्राइव्ह निराळा विकत घ्यावा लागतो. कन्सोलचा जुना लाभ असा त्याचे कर्तेच कमी करीत आहेत.

आता पुण्याकडे पाहा. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट 2020 मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला. तो कन्सोल तेव्हा भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता! संगणकावर खेळ यावयास ऑक्टोबर उजाडला. पुण्यात घडलेली वस्तू पुण्याच्याच मुलांस उशिरा मिळावी, हा कन्सोलच्या बंद दाराचा प्रताप होय. परंतु तो खेळ रचला गेला संगणकावर, अनरियल इंजिनच्या साहाय्याने. आणि ते इंजिन शिकू इच्छिणारास घरी विनामूल्य उतरवून घेता येते. कन्सोल खेळू देतो. तो खेळ कसा घडला हे उघडून पाहू देत नाही.

म्हणून ज्या घरी एकच यंत्र येणार, तेथे आम्ही संगणकाच्या बाजूने मत देऊ, मग खेळ थोडा अडखळला तरी चालेल. मात्र ज्या यंत्रावर अभ्यास त्याच यंत्रावर खेळ, ही अडचण परीक्षेच्या दिवसांत लहान नव्हे. घरात अभ्यासाचा संगणक आधीच असेल, तर बाहेरच्या खोलीत सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवलेला कन्सोल अधिक बरा. आणि घ्यावयाचाच तर डिस्कचा घ्यावा.