पांच फेऱ्यांचें ऊन

“सर, ऊन पडलें म्हणजे माझ्या विक्ट्रीबेलपेक्षां वेगवान प्राणी समोरच्याजवळ सहसा नसतो, तरी मी प्रत्येक वेळीं हरतों तो कां?” असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्यानें सुटीच्या आरंभीं आम्हांस विचारला. प्रश्न पोकेमॉन या खेळांतला असल्यामुळें तो हंसण्यावारी नेण्याचा मोह आम्हांस झाला, हें कबूल केलें पाहिजे. पण वही पुढें ओढून हिशेब मांडूं लागल्यावर तास केव्हां उलटला तें कळलें नाहीं. तोच हिशेब येथें देत आहों. ज्या पालकांस हीं चमत्कारिक नांवें मुलांच्या तोंडून रोज ऐकावीं लागतात, त्यांनाहि तो समजावा म्हणून प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतों.

हा खेळ जपानांतला. सातोशी ताजिरी यांस बालपणीं किडे पकडून जमविण्याचा फार नाद होता. त्या नादांतूनच या खेळाची कल्पना त्यांस सुचली. त्यांच्या गेम फ्रीक या संस्थेनें रचलेले ‘रेड’ व ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत निघाले. प्रत्येक खेळाडूजवळ सहा काल्पनिक प्राणी असतात. एकेरी सामन्यांत दोन्ही बाजूंचा एकएक प्राणी समोरासमोर उभा राहतो. प्रत्येक फेरींत दोघेहि खेळाडू एकमेकांस न कळवितां आपली आज्ञा देतात: शिकविलेल्या चार चालींपैकीं एक खेळणें, अथवा प्राणी मागें घेऊन दुसरा पुढें आणणें. मग ज्याचा वेग अधिक, त्याची चाल आधीं घडते. बुद्धिबळांत समोरच्याची खेळी पाहून आपण खेळतों. येथें ती अगोदर ताडावी लागते. शिवाय प्राण्यांचे अग्नि, जल, तृण, विष, पोलाद इत्यादि प्रकार आहेत. अग्नीचा हल्ला तृणावर दुप्पट लागतो, जलावर निम्मा. आणि अशीं सर्व कोष्टकें आमच्या मुलांस पाढ्यांपेक्षां चांगलीं पाठ असतात.

रणांगणावर हवामान आलें तें सन १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत. पुढें सन २००२ च्या ‘रुबी’ व ‘सफायर’ या खेळांत प्राण्यांस उपजत गुण देण्यांत आले. त्यांपैकीं ‘क्लोरोफिल’ या गुणाचा प्रस्तुत विषयाशीं संबंध आहे. हा गुण ज्याचे अंगीं आहे त्याचा वेग ऊन असेपर्यंत दुप्पट होतो. उन्हाचे दुसरेहि परिणाम आहेत. अग्नीच्या हल्ल्याचा जोर दीडपट होतो व जलाच्या हल्ल्याचा निम्मा. ‘सोलर बीम’ या तृणाच्या हल्ल्यांत एरवीं एक फेरी तेज सांठविण्यांत जाते. उन्हांत तो त्याच फेरींत सुटतो. ‘वेदर बॉल’ या हल्ल्याचा जोर ५० चा १०० होतो आणि तो अग्नीचा बनतो. ‘ग्रोथ’ या चालीनें एका फेरींत शारीरिक व विशेष अशीं हल्ल्याचीं दोन्ही बळें दुप्पट होतात.

आतां विक्ट्रीबेल. हा तृण व विष या दोन प्रकारांचा प्राणी. मेघालयाच्या डोंगरांत आढळणाऱ्या घटपर्णीचें चित्र ज्यांनीं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत पाहिलें असेल, त्यांस याची आकृति ओळखीची वाटेल. याचे मूळ अंक असे: जीव ८०, शारीरिक हल्ला १०५, शारीरिक बचाव ६५, विशेष हल्ला १००, विशेष बचाव ७०, वेग ७०. म्हणजे मारण्यास बळकट, मार खाण्यास नाजूक, आणि धांवण्यांत मध्यम.

स्पर्धेंत प्राणी ५० व्या पातळीवर लढतात. तेथील वेग काढण्याची रीत सोपी आहे. मूळ अंकाची दुप्पट करावी. तींत जन्मजात अंशाचे जास्तींत जास्त ३१ व सरावाचे जास्तींत जास्त ६३ मिळवावे. बेरजेचें निम्में करून त्यांत ५ घालावे. विक्ट्रीबेलचे १४० अधिक ९४ मिळून २३४, त्याचें निम्में ११७, वेग १२२. उन्हांत तो २४४ होतो. जोल्टिऑन हा नांवाजलेला चपळ प्राणी, मूळ वेग १३०. वेगाला पोषक असा स्वभाव देऊनहि त्याचा वेग २०० च्या पुढें जात नाहीं. येथवर आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें बरोबर आहे. परंतु गारचॉम्प (मूळ वेग १०२) ‘चॉइस स्कार्फ’ बांधून आला तर त्याचा वेग २५३ होतो, आणि मग २४४ अपुरे पडतात. विक्ट्रीबेलला वेगाचा स्वभाव दिला तर १२२ चे १३४ व उन्हांत २६८ होतात. तेव्हां तो गारचॉम्पच्या पुढें जातो. मात्र मग तो स्वभाव विशेष हल्ल्यास देतां येत नाहीं, व तेथें १६७ च्या जागीं १५२ वर समाधान मानावें लागतें.

पण विद्यार्थ्याच्या पराभवाचें कारण वेगांत नव्हतेंच. तें फेऱ्यांच्या मोजणींत होतें. वाळवण घालणारी गृहिणी ऊन किती प्रखर आहे हें पाहते, तसें तें अंगणांत किती वेळ राहणार हेंहि पाहते. आमचा विद्यार्थी पहिलेंच तेवढें पाहत होता. तो विक्ट्रीबेलकडूनच ‘सनी डे’ ही ऊन पाडणारी चाल खेळवी. असें ऊन पांच फेऱ्या टिकतें, व ज्या फेरींत तें पाडलें ती फेरीहि त्यांत धरतात. दुसऱ्या फेरींत तो ‘ग्रोथ’ खेळे. उरल्या तीन फेऱ्या. या दोन फेऱ्यांत समोरच्याला मोकळेपणीं हल्ला करतां येई, आणि ६५ व ७० एवढ्या बचावावर दोन हल्ले सोसून उभे राहणें विक्ट्रीबेलला क्वचित् साधे. साधलेंच, तर समोरचा खेळाडू प्राणी बदलून बदलून उरलेल्या तीन फेऱ्या घालवी. ऊन गेलें कीं विक्ट्रीबेलचा वेग पुन्हां १२२.

यासाठीं ऊन पाडण्याचें काम दुसऱ्याकडे सोंपविलें पाहिजे. ‘ड्राउट’ या उपजत गुणाचा प्राणी रणांगणावर येतांच, चाल न खर्चितां, ऊन पडतें. सन २०१० च्या ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’ या खेळांत हा गुण नाइनटेल्स या कोल्ह्यास मिळाला, व त्या वेळीं असें ऊन दुसरें हवामान येईपर्यंत हटत नसे. सन २०१३ च्या ‘एक्स’ व ‘वाय’ पासून त्यासहि पांच फेऱ्यांची मर्यादा पडली. ‘हीट रॉक’ हा दगड जवळ असेल तर आठ. आतां मोजूं. नाइनटेल्स सामन्याच्या आरंभींच उभा केला व पहिल्या फेरींत मागें घेऊन विक्ट्रीबेल आणला, तर उन्हाच्या चार फेऱ्या त्याच्या वांट्यास येतात. दगड असल्यास सात. तोच कोल्हा सामन्याच्या मध्यांत बदलीनें आणला तर येण्यांत एक व जाण्यांत एक अशा दोन फेऱ्या खर्चून तीन उरतात. दगड असल्यास सहा. म्हणून नाइनटेल्सजवळ दगडाशिवाय दुसरी कोणतीहि वस्तु देणें आम्हांस उधळपट्टी वाटते.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऊन पाडणारा व पाऊस पाडणारा असे दोघे एकाच वेळीं समोरासमोर आले तर काय होतें? ज्याचा वेग अधिक त्याचा गुण आधीं प्रकट होतो, व मागून मंद प्राण्याचा गुण प्रकट होऊन पहिल्याचें हवामान पुसून टाकतो. नाइनटेल्सचा मूळ वेग १००, आणि पाऊस पाडणारा बेडूक पॉलिटोड याचा ७०. त्यामुळें एकाच वेळीं आले असतां बहुधा पाऊसच उरे. पावसांत विक्ट्रीबेलची स्थिति दयनीय होते: वेग साधा, सोलर बीमला दोन फेऱ्या व त्याचा जोरहि निम्मा. हें वैगुण्य सन २०१६ च्या ‘सन’ व ‘मून’ या खेळांत दूर झालें. तेथें टॉर्कोल या पाठीवर धूर सोडणाऱ्या कांसवास ड्राउट मिळाला. त्याचा मूळ वेग अवघा २०! पेलिपर या पक्ष्यास त्याच खेळांत पाऊस मिळाला, पण त्याचा वेग ६५. म्हणून कांसवाचें ऊन त्याच्या पावसानंतर पडतें व टिकतें.

उन्हाचे तोटेहि सांगितले पाहिजेत, कारण मुलें ते विसरतात. तृण असल्यामुळें विक्ट्रीबेलवर अग्नि दुप्पट लागतो. उन्हांत अग्नि स्वतः दीडपट होतो. म्हणजे आपणच पाडलेल्या उन्हांत शत्रूच्या अग्नीचा घाव तिप्पट बसतो. त्यांत समोर हीट्रन आला तर अडचण पुरती होते. तो अग्नि व पोलाद या प्रकारांचा. विष त्यास लागत नाहीं, तृण चतुर्थांश लागतें, आणि ‘फ्लॅश फायर’ हा गुण त्याच्या अंगीं असला तर अग्नीचा वेदर बॉलहि तो गिळून टाकतो. चारहि चालींनीं त्याचें कांहीं बिघडत नाहीं. यासाठीं उन्हाच्या संघांत डगट्रिओ ठेवण्याची पद्धत पडली होती. तो जमिनीवरील शत्रूस पळूं देत नाहीं, व त्याचा भूकंप हीट्रनवर चौपट लागतो. पोलादाचे दुसरे प्राणी एवढे भयंकर नाहींत. फेरोथॉर्न हा तृण व पोलाद दोन्ही असल्यामुळें वेदर बॉल त्यावर चौपट बसतो.

आतां जें सांगणें विद्यार्थ्यास रुचलें नाहीं तें सांगतों. व्हीनसॉर हा प्राणीहि तृण व विष या प्रकारांचा, त्यासहि सन २०१० पासून क्लोरोफिल मिळतो, विशेष हल्ला तोच १००, बचाव ८३ व १००, वेग ८०. वरच्या रीतीनें त्याचा वेग उन्हांत २६४ होतो, म्हणजे स्वभाव वेगासाठीं न खर्चितांहि तो गारचॉम्पच्या २५३ पुढें आहे, आणि स्वभाव विशेष हल्ल्यास देऊन १६७ हि मिळवितो. पूर्वीं विक्ट्रीबेलच्या बाजूनें एक बोलणें होतें: वेदर बॉल त्यास येत असे, व्हीनसॉरला येत नसे. सन २०१९ च्या ‘सोर्ड’ व ‘शील्ड’ या खेळांत व्हीनसॉरहि तो शिकला, व तें बोलणें संपलें.

राहिला एकच अंक: शारीरिक हल्ला. विक्ट्रीबेलचा १०५, व्हीनसॉरचा ८२. ब्लिसी नांवाचा प्राणी विशेष हल्ले पचविण्यांत पटाईत आहे. त्याचा विशेष बचाव १३५ व जीव २५५, पण शारीरिक बचाव अवघा १०. ग्रोथनें दोन्ही बळें वाढत असल्यामुळें विक्ट्रीबेल सोलर बीम सोडून ‘लीफ ब्लेड’ हा शारीरिक हल्ला ठेवूं शकतो. त्यास ऊन संपल्याची बाधा नाहीं, आणि ब्लिसीला तो अपेक्षित नसतो. एवढ्या अरुंद कामासाठीं सहांतली एक जागा द्यावी काय? सन २०१४ च्या जागतिक स्पर्धेंत कोरियाच्या से जुन पार्क यांनीं पाचिरिसू हा लहानसा, कोणी न निवडणारा प्राणी आणून विजेतेपद मिळविलें. शत्रूचे हल्ले स्वतःवर ओढून घेणें हें एकच काम त्यांनीं त्यास नेमून दिलें होतें. त्यामुळें आम्हीं ठाम नकार दिला नाहीं. पण व्हीनसॉर हाताशीं असतां तोच घ्यावा, हें आमचें मत कायम आहे.

“सर, व्हीनसॉर सगळेच आणतात,” असें म्हणून विद्यार्थ्यानें विक्ट्रीबेलच ठेवला. मात्र त्यानें सनी डे काढून टाकला, आणि आतां तो दुहेरी सामने खेळतो. त्यांत सहांपैकीं चार प्राणी निवडून दोन दोन एकदम उभे करतात. टॉर्कोल व विक्ट्रीबेल प्रारंभींच शेजारी उभे राहिले कीं बदलींत एकहि फेरी जात नाहीं; पांचहि फेऱ्यांचें ऊन विक्ट्रीबेलला मिळतें. परवां तो वही घेऊन आला होता. हीट्रनचें काय करावें, हें पान अद्याप कोरें आहे. त्यावर येत्या शनिवारीं बसावयाचें ठरलें आहे.