जुने वाहन आणि धुराची तपासणी

शीव-पनवेल महामार्गालगत सिडकोने वसविलेले कामोठे ही आज दाट लोकवस्ती आहे. महामार्गावरील वाहनांचा धूर येथील बालकांच्या व वृद्धांच्या श्वासात मिसळतो. म्हणून धुराची तपासणी हा केवळ कागदाचा प्रश्न नव्हे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये धुराची मर्यादा ठरवून दिलेली आहे. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. डिझेल वाहनाच्या धुराची घनता मोजली जाते. जुन्या वाहनांचे प्रमाणपत्र सहा महिने, तर भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांचे एक वर्ष ग्राह्य असते.

वाहन अनुत्तीर्ण झाल्यास प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन अधिक. अशा वेळी एअर फिल्टर बदलावा, कार्ब्युरेटरचे मिश्रण जुळवावे, डिझेल वाहनाचे नोझल तपासून घ्यावेत. निळसर धूर हे इंजिनात ऑईल जळत असल्याचे लक्षण होय. बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात आणि दुरुस्तीवाचून गत्यंतर नसते. तपासणीपूर्वी इंजिन पुरेसे तापवावे. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही.

तपासणीविना मिळविलेले प्रमाणपत्र धूर कमी करीत नाही. शाळा, कार्यालये व पंचायतींनी प्रथम स्वतःच्या वाहनांची तपासणी करून घेतल्यास नागरिकांपुढे आदर्श उभा राहील.