जुनं होतं म्हणून जळलं नाही

जुनी वस्तू बंद पडली की दोष वयाला द्यायचा, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. माझ्या जुन्या 486 कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड पावसाळ्याच्या तोंडावर जळलं, तेव्हा इंटरनेटवाल्याच्या माणसाने हेच केलं. ते कार्ड म्हातारं होऊन गेलेलं नाही. त्याच्यात 24 व्होल्ट सोडले गेले. ज्याने सोडले त्याने ते अजून कबूल केलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे. दारव्हा, आर्णी, घाटंजी, कुठेही ज्याच्या छतावर इंटरनेटची डिश आणि टेबलावर जुनं मशीन असेल, त्याने हे वाचावं.

मशीन पुसदच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेलं आहे. डॉस 6.22, आठ मेगाबाइट रॅम, आणि आत जिस्ट कार्ड. ज्यांनी नव्वदीत सरकारी कचेरीत किंवा छापखान्यात काम केलं त्यांना जिस्ट म्हणजे काय ते सांगायला नको. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ज्यावर काम केलं, ते तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि तिथून हे कार्ड देशभर गेलं. ते खाचेत बसवलं की डॉसच्या साध्या काळ्या पडद्यावर, डीबेसमध्ये, वर्डस्टारमध्ये देवनागरी उमटायची. मजकूर साठायचा तो इस्कीमध्ये. 1991 साली त्याचं भारतीय मानक झालं, आयएस 13194. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे इस्कीतला मजकूर आजच्या मराठीत आणणं हे कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फाइली सोडवण्यापेक्षा कितीतरी सरळ काम आहे. विंडोजमध्ये तर त्यासाठी 57002 हे कोडपेज आधीपासूनच आहे.

या मशीनच्या डिस्कवर काय नव्हतं? लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, भजनी मंडळांच्या पुस्तिका, एका साप्ताहिकाच्या बातम्या. दारव्ह्याहून मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हाचं हे लिखाण. यातलं बरंचसं कागदावर आता मिळत नाही. फ्लॉपीवरून उतरवायला गेलो तर फ्लॉप्यांना बुरशी. म्हणून मशीन घरातल्या नेटवर्कवर आणायचं ठरवलं, आणि आणलं. रिअलटेकच्या 8019 चिपचं आयएसए कार्ड, गोल बीएनसी आणि चौकोनी आरजे-45 असे दोन्ही जॅक असलेलं, नागपूरला सीताबर्डीत एका दुकानाच्या माळ्यावरून शोधून काढलं. त्यावर पॅकेट ड्रायव्हर चढवला आणि मायकेल ब्रुटमन यांचं एमटीसीपी. डॉसवर चालणारं हे मोफत सॉफ्टवेअर अगदी पहिल्या पिढीच्या पीसीवरसुद्धा चालतं आणि त्यात एफटीपी सर्व्हर आयता मिळतो. माझ्या लॅपटॉपवरून 486 ची डिस्क उघडली आणि फाइलींची नावं एकाखाली एक येऊ लागली, तेव्हा झालेला आनंद घरात कुणाला समजला नाही. छंद असलेल्यांना समजेल.

वादळाने छतावरची डिश हलली आणि इंटरनेट गेलं. तक्रार केली, माणूस आला. पंचवीस-सव्विशीचा पोरगा, बोलायला गोड. टेबलाकडे पाहून आधी घरातल्यांना म्हणाला, "काकू, हे भंगार कायले ठेवलं?" मग मला म्हणाला, "काका, तुम्ही वर जा, डिशचे लाइट पाहून सांगा. मी खालून लाइन देतो."

मी वर गेलो. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर उभा राहून डिशच्या पाठीमागचे बारीक दिवे पाहत होतो. एकही लागलेला नव्हता. खालून आवाज, "लागला का?" मी म्हणतो, "नाही." पुन्हा "आता?" पुन्हा "नाही." बऱ्याच वेळाने एकदम सगळे दिवे लागले. खाली आलो तर खोलीत वास. प्लॅस्टिक आणि व्हार्निश एकत्र जळल्यासारखा. पोरगा हत्यारं गोळा करत होता. 486 च्या मागच्या कार्डाचा हिरवा दिवा विझलेला. मी विचारलं, याला काय झालं? तर म्हणे, "काका, कायले टेन्शन घेता? जुनंच होतं ते, गेलं असन."

त्या वेळी मी गप्प राहिलो, कारण सांगण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. रात्री कार्ड काढलं आणि भिंगाखाली धरलं. बाकी सगळं कार्ड स्वच्छ, चिप स्वच्छ, आयएसएच्या पट्टीवरची सोनेरी झाक तशीच. फक्त आरजे-45 जॅकच्या मागे दोन चिमुकले रेझिस्टर. एकाचा पार कोळसा झालेला, दुसऱ्यावर 750 हा आकडा अर्धवट दिसत होता. 750 म्हणजे 75 ओहम. त्यांच्या खालचा तांब्याचा ट्रॅक बोर्डावरून उचलला गेला होता आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या कवचाला तडा गेला होता. वयाने जळणारं कार्ड असं एका कोपऱ्यात मोजून-मापून जळत नाही.

आणि तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मी छतावर उभा होतो तेव्हा डिशला वीज मिळत नव्हती. पण खाली डिशला वीज देणारी पीओईची डबी तर चालू होती. मग तिची वीज जात कुठे होती?

डिशला वेगळी विजेची वायर नसते, हे ज्याच्या घरी असं कनेक्शन आहे त्याला माहीत आहे. नेटवर्कच्या वायरीतूनच वीज वर जाते. डबीला दोन भोकं, एक पीओई, एक लॅन. वायरीत आठ तारा. डेटा जातो 1, 2, 3 आणि 6 वरून. निळी जोडी म्हणजे 4 आणि 5, तपकिरी जोडी म्हणजे 7 आणि 8. या स्वस्त डब्या निळीवर धन आणि तपकिरीवर ऋण असे 24 व्होल्ट सरळ ढकलतात. 802.3एएफ नावाचं जे 2003 चं प्रमाणित पीओई आहे, ते आधी समोर कोण आहे हे तपासतं आणि हक्काचं उपकरण सापडलं तरच वीज देतं. या डब्या विचारत नाहीत. माझ्या कार्डात न वापरलेल्या त्या दोन जोड्या प्रत्येकी 75 ओहमच्या रेझिस्टरमधून एकमेकींना जोडलेल्या आहेत. हिशेब सोपा आहे: 24 ला 150 ने भागा. एकेका रेझिस्टरवर जवळजवळ दोन वॉट. त्यांची ताकद पाव वॉटसुद्धा नव्हती.

डिशची वायर आणि 486 ची वायर एकाच भिंतीवरून खाली येतात, दोन्ही करड्या. म्हणूनच मी 486 च्या वायरीला चिठ्ठी बांधली होती, "जुने मशीन, काढू नये". चिठ्ठी मला टेबलाखाली मिळाली. त्याने दोन्ही वायरी उपसल्या आणि डबीत अंदाजाने खोचल्या. दिवे लागत नाहीत म्हटल्यावर आलटून पालटून पाहिल्या. मधला सगळा वेळ माझं कार्ड डिशच्या जागी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावून डबीच्या पीओई भोकाचं माप घेतलं, 24 च्या आसपास. फोटो काढले, कार्डाचे, मीटरचे, चिठ्ठीचे. त्या पोराच्या मालकाला, इंटरनेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आमच्या वायरीने कधी काही जळत नाही. फोटो पाठवले तर उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर म्हणाला, एवढंच असेल तर एक यूएसबीचं कार्ड देतो, दीडशे रुपयांचं. 486 ला यूएसबी नसतं, हे मी दोनदा सांगितलं. त्याला ते ऐकायचंच नव्हतं. मला राग पैशाचा नाही. मी पुरावा दाखवला आणि समोरच्याने फक्त "जुनं" हा एक शब्द धरून बसावं, याचा आहे. उद्या त्याच डबीतून कुणाच्या नव्या टीव्हीचं किंवा प्रिंटरचं पोर्ट उडेल, तेव्हा हा काय म्हणणार?

आता ज्यांना जुनं मशीन नेटवर्कवर आणायचं आहे त्यांच्यासाठी.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं: जुन्या मशीनसाठी चारच तारांची वायर बनवा. दोन्ही टोकांना 1, 2, 3 आणि 6 एवढ्याच तारा क्रिंप करा, निळी आणि तपकिरी जोडी कापून टाका. दहा किंवा शंभर मेगाबिटच्या कार्डाला त्या लागतच नाहीत. गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे ही वायर नव्या लॅपटॉपला लावू नका. पण 486 आणि पेंटियमला ती चालते, आणि कुणीही चुकीच्या भोकात घातली तरी अशा डबीची वीज कार्डापर्यंत पोचत नाही. क्रिंपिंगचं हत्यार नसेल तर गावातला सीसीटीव्ही बसवणारा पाच मिनिटांत करून देईल. त्याच्या समोर उभे राहा.

मशीन आणि राउटर यांच्यामध्ये एक स्वस्तातला, शंभर मेगाबिटचा जुना स्विच ठेवा. काही नव्या वेगवान पोर्टना दहा मेगाबिटवर उतरताच येत नाही, तीही अडचण यानेच सुटते. शिवाय जळलाच तर तो जळेल.

गोल बीएनसी जॅकवर जाणार असाल तर केबल टीव्हीवाल्याकडून वायर घेऊ नका. त्याची 75 ओहमची असते, इथे 50 ओहमची आरजी-58 लागते आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर. दिसायला जवळपास सारखीच, म्हणून लोक फसतात.

विंडोज 98 किंवा एक्सपी असलेल्यांना कुणीतरी सल्ला देतोच की नव्या लॅपटॉपमध्ये एसएमबी-1 चालू करा म्हणजे फोल्डर दिसेल. करू नका. विंडोज 10 ने 2017 पासून ते आपणहून बसवणं बंद केलं आहे, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय याच वाटेने जगभर पसरला होता. त्यापेक्षा एफटीपी वापरा, फक्त घरात. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे जुन्या मशीनला वेगळा राउटर द्या आणि बाहेरून आत येणारी कुठलीही वाट उघडू नका. त्यावर आजच्या वेबसाइट उघडण्याच्या नादी लागू नका. आजचं एचटीटीपीएस विंडोज 98 च्या जुन्या ब्राउझरला येत नाही, आणि ते शिकवण्यात जाणारा वेळ फाइली उतरवण्यात घालवावा.

मदरबोर्डवर निळी, पिंपासारखी बॅटरी असेल तर ती आजच काढा. ती निकेल-कॅडमियमची असते, गळते आणि आजूबाजूचा बोर्ड खाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच.

वीज कडाडायला लागली की छतावरून येणारी वायर उपसून ठेवा. बॅकअप घ्या. बिलं जपून ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

आणि नेटवर्क गेलं तर थांबू नका. माझं काम सध्या सिरिअल पोर्टवरून चालू आहे: नल मोडेम केबल आणि डॉससोबत येणारं इंटरलिंक. पोर्टवर 16550 चिप असेल तर 115200 चा वेग मिळतो. म्हणजे एका फ्लॉपीएवढा मजकूर दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात. एफटीपीच्या मानाने रखडत, पण चालतं. साप्ताहिकाच्या फाइली मी याच वाटेने आणतो आहे.

घरी कुणी इंटरनेटचं काम करायला आलं तर तुम्ही टेबलापाशी उभे राहा, त्याला छतावर पाठवा. तो काही म्हणो, भंगार म्हणो, ऐकून घ्या आणि आधी जुन्या मशीनची वायर आपल्या हाताने काढून खिशात ठेवा. दोन्ही जॅक असलेलं आयएसए कार्ड कुणाच्या माळ्यावर पडलेलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, मला द्या, योग्य किंमत देईन. माझ्या कार्डाचे पैसे अजून मिळालेले नाहीत.