शनिवारी दोन तास वाचून दाखव

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, ऑफिस आणि खोली, खोली आणि ऑफिस. शनिवार-रविवार झोपून काढते, तरी सोमवारी दमलेलीच असते." तेव्हा तू घाईत होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. आज नीट सांगते. तुझी झोप होतेय गं, पण पगार देणाऱ्यांखेरीज आपण कुणाला हव्या आहोत असं तुला आठवडाभरात कुठे जाणवतच नाही. दुखणं तिथे आहे, असं मला वाटतं.

पुण्यात राहतेस, तर एक काम सुचवते. अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखव. मी इतकी वर्षं ते करतेय आणि त्यातून मला काय मिळालं, ते घरातही कुणाला धड सांगितलेलं नाही.

कोरेगाव पार्कला अंध मुलांची आणि कोथरूडला अंध मुलींची शाळा आहे. तिथून आणि गावोगावच्या अशा शाळांमधून मुलं पुढे बी.ए., एम.ए.ला शहरातल्या कॉलेजांत येतात, स्पर्धा परीक्षांना बसतात. शाळेत ब्रेलची पुस्तकं हाताशी असतात, कॉलेजात ती फारशी मिळत नाहीत. तू म्हणशील, आता मोबाइल वाचून दाखवतो की. दाखवतो, आणि ही मुलं तो तुझ्या-माझ्यापेक्षा सफाईने वापरतात. संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, 2016 पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. पण सरांच्या हाताने लिहिलेल्या नोट्सची झेरॉक्स, जुन्या मराठी ग्रंथाचं पुसट पान, आलेख, नकाशा असं काही आलं की यंत्र अजूनही अडखळतं. तिथे माणूस लागतो.

अर्थशास्त्राच्या एका मुलीला मी मागणीचा वक्र सांगत होते. "डावीकडून उजवीकडे खाली उतरतो," म्हटलं आणि पुढे निघाले. तिने थांबवलं. "किती खाली? सरळ उतरतो की वळत? उभ्या रेषेवर काय मोजलंय?" मग तिचं बोट धरून टेबलावर आधी किमतीची उभी रेघ काढली, मग मागणीची आडवी, मग तो उतार. किंमत वर असली की बोट डावीकडे, खाली आली की उजवीकडे. बी.कॉम.ला हाच वक्र काढून मी मार्क मिळवले होते. तो समजला मात्र त्या दिवशी. डोळ्यांना दिसतं म्हणून आपण किती गोष्टी न बघताच पुढे जातो, हे मला तिच्या प्रश्नांनी दाखवलं. तेव्हापासून वर्तमानपत्रातला साधा नकाशासुद्धा मी थांबून बघते.

पुढे लेखनिक म्हणून परीक्षेलाही बसायला लागले. परीक्षार्थी सांगतो आणि आपण लिहितो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थीला तासामागे किमान 20 मिनिटं जास्त मिळतात. लेखनिक त्याने स्वतः आणला, तर लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावं, असं 2018 च्या सूचनांत होतं. म्हणजे तू इंजिनिअर झालेली असल्याने तेव्हा एम.ए.च्या पेपरला चालली असतीस, बारावीच्या नाही. हे नियम बदलतात, म्हणून प्रत्येक परीक्षेचं परिपत्रक आधी वाचून घ्यायचं.

इतिहासाच्या पेपरला एकीने टिळकांच्या निधनाचं साल 1921 सांगितलं. मला 1920 ठाऊक होतं. पेन क्षणभर थांबलं. आणि मी 1921 लिहिलं, कारण पेपर तिचा होता. भुवई उंचावून, आवाज बदलून, "नक्की ना?" असं विचारूनही सुचवायचं नसतं. माझ्यासारख्या बोलघेवडीला हे किती जड गेलं असेल, तुला माहीत आहे! पण त्या खोलीत मी जे शिकले ते कुठल्याच शिबिरात शिकले नसते. समोरच्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्यायचं. ते चुकीचं असलं तरी त्याचं असू द्यायचं. आता माझा लेक काही सांगायला लागला की मी मध्येच उत्तर देऊन मोकळी होत नाही. तो आता माझ्याशी जास्त बोलतो. या कामाने मला दिलेलं सगळ्यात मोठं देणं हेच, आणि ते मी मागायला गेले नव्हते.

बाकीचंही मिळतंच. एरवी हातात धरली नसती अशी पुस्तकं वाचून होतात. मोठ्याने वाचताना मराठीचं वळण जिभेला कळतं. आणि तुझ्यासारखी एकटी राहणारी असेल, तर शनिवारी चार वाजता आपली कुणीतरी वाट बघतंय, ही जाणीवच फार मोठी असते. त्या दिवशी आपोआप केस विंचरून बाहेर पडावंसं वाटतं.

दोन-तीन गोष्टी मात्र मोठी म्हणून बजावते. कीव मनात घेऊन जाऊ नकोस, ती त्यांना आवाजातून लगेच कळते. रस्ता ओलांडताना दंड धरून ओढायचं नाही. विचारायचं, आणि त्यांना आपलं कोपर धरू द्यायचं. त्यांच्याबरोबरचे फोटो टाकू नकोस. आणि जमेल तेवढंच कबूल कर. महिन्यातून एकच शनिवार जमणार असेल तर एकच सांग, पण तो चुकवू नकोस. परीक्षा आठवड्यावर आली असताना वाचक गायब झाला की त्या मुलांचं वर्ष पणाला लागतं. असं होताना मी पाहिलंय आणि त्याचा मला अजून राग येतो.

जाणं जमलंच नाही तर घरी बसून पुस्तक रेकॉर्ड करता येतं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे दिव्यांगांना वाचता यावं म्हणून नफा न घेता असं रेकॉर्डिंग करायला मुभा आहे. पण सुरुवात समोर बसूनच कर. तो "किती खाली?" रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस. तेव्हा धावाधाव असते, म्हणून त्याच्या दोनेक महिने आधी कामाला लाग. तुझ्या खोलीजवळच्या कला शाखेच्या कॉलेजात जा, ग्रंथपालांना विचार की अंध विद्यार्थ्यांना वाचक हवेत का. या आठवड्यातच जा गं. आणि पहिल्या शनिवारी काय वाचलंस, ते मला रात्री फोन करून सांग.