बियांचा प्रवास आणि बदलत्या वनस्पती
डॉ. आघारकरांच्या कार्याचा आजचा अर्थ

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या परिसरातील गाव. तेथून जवळच होळ येथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र आहे. या संस्थेने विकसित केलेले एम.ए.सी.एस. मालिकेतील गहू व सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. तथापि, ज्या शास्त्रज्ञाचे नाव या संस्थेला दिलेले आहे, त्यांचा मूळ अभ्यासविषय कोणता होता, याची माहिती फार थोड्यांना असेल. तो विषय होता बियांचा प्रवास. आज शहरांतील वनस्पतींचे जे संशोधन जगभर सुरू आहे, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

मालवण ते बर्लिन

डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 1884 मध्ये मालवण येथे झाला. पश्चिम घाटातील नदीत गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यांनी शोधून काढला, तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष या तरुण अभ्यासकाकडे वेधले गेले. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अधिक अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तेथेच अडकले. स्थानबद्धता सोसूनही त्यांनी अभ्यास सोडला नाही व बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वायव्य भारतातील कोरड्या व खाऱ्या जमिनीवरील वनस्पतींचे बी कोणत्या साधनांनी पसरते आणि या वनस्पती मूळच्या कोठल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि 1960 मध्ये निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली. या वर्धिनीच्या संशोधन संस्थेलाच 1992 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

शहर हीसुद्धा एक निवड

उत्क्रांती म्हणजे लक्षावधी वर्षांची, अरण्यात घडणारी गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. फ्रान्समधील मॉन्पेलिए शहरात सूर्यफुलाच्या कुळातील एक लहान रानवनस्पती फरसबंदीत झाडांसाठी ठेवलेल्या मातीच्या चौकोनांत उगवते. तिला दोन प्रकारचे बी येते. एक हलके, केसाळ व वाऱ्यावर उडणारे. दुसरे जड, झाडाखालीच पडणारे. शहरात उडालेले बहुतेक बी फरशीवर पडून वाया जाते, तर जड बी मातीच्या चौकोनात टिकते. त्यामुळे शहरातील झाडांत जड बियांचे प्रमाण ग्रामीण भागातील झाडांपेक्षा वाढलेले आढळले. हा बदल अवघ्या पाच ते बारा पिढ्यांत घडला असावा, असा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ही वनस्पती वर्षायू असल्याने पाच ते बारा पिढ्या म्हणजे तितकीच वर्षे होत.

दुसरे उदाहरण पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे. कोवळी ज्वारी खाऊन ज्या विषाने जनावर दगावते, तेच विष क्लोव्हरच्या काही झाडांत तयार होते व पाने खाणाऱ्या प्राण्यांपासून त्यांचे रक्षण करते. जगातील 160 शहरे व त्यांच्या भोवतालचा ग्रामीण भाग यांतील एक लाखाहून अधिक झाडे शास्त्रज्ञांनी तपासली. त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक शहरांत मध्यवस्तीकडून खेड्याकडे जाताना हे विष असणाऱ्या झाडांचे प्रमाण बदलत जाते, असे त्यांत दिसून आले.

होळच्या प्रक्षेत्रावर पैदासकार हेतुपुरस्सर निवड करतो. शहरात ती परिस्थितीच करते. तत्त्व मात्र एकच आहे.

पुण्यातून बांधावर

या विषयाशी आपल्या गावांचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. त्याचे उत्तर गाजर गवतात आहे. अमेरिका खंडातील या वनस्पतीच्या फैलावाकडे भारतीय शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम पुण्यात गेले व 1956 मध्ये तशी नोंद प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी येथे आले, असे सामान्यतः मानले जाते. शहरातील मोकळ्या जागांत ती प्रथम स्थिरावली आणि वाहने, पाणी, धान्य व शेणखत यांच्याबरोबर कालव्यांच्या कडेला व शेतांच्या बांधांवर पोहोचली. एक झाड हजारो बिया देते. त्याच्या संपर्काने त्वचेचे विकार व श्वसनाचा त्रास संभवतो.

ही वनस्पतीही स्थिर नाही. कोलंबियात ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारे गाजर गवत आढळले आहे. एकच औषध वर्षानुवर्षे फवारल्यास त्यातून वाचलेल्या झाडांचीच संतती वाढते. म्हणून केवळ फवारणीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मेक्सिकोतून 1983 मध्ये आणलेले भुंगेरे हे तण खातात व पावसाळ्यात त्यांचा चांगला उपयोग होतो. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही.

गावपातळीवरील कार्य

ग्रामपंचायतींनी पावसाळ्याच्या प्रारंभी, गवत फुलावर येण्यापूर्वीच, ते मुळासकट उपटण्याची मोहीम घ्यावी. काम करणाऱ्यांना हातमोजे द्यावेत व तोंडाला कापड बांधण्यास सांगावे. फुलावर न आलेल्या गवताचे कंपोस्ट खत करता येते. मुलांना मात्र या कामास लावू नये.

शिक्षकांना अभ्यासाचे दुसरे काम करता येईल. शाळेचे आवार, रस्त्याची कडा आणि शेताचा बांध अशा तीन ठिकाणी एक मीटरचा चौकोन आखावा. त्यात कोणत्या वनस्पती उगवल्या, किती उगवल्या व कधी फुलल्या, याची नोंद विद्यार्थ्यांनी दरवर्षी त्याच वहीत करावी. गाजर गवत दुरूनच ओळखावे. त्यास हात लावू नये. पाच-दहा वर्षांची अशी वही हाती असल्यास नवे तण गावात केव्हा शिरले, कोणत्या वाटेने आले व कोणते जुने गवत नाहीसे झाले, हे निश्चितपणे सांगता येईल. पुण्यात गाजर गवत मूठभर होते तेव्हाच ते आवरणे शक्य होते. पुढील तण गावात येईल तेव्हा ते वेळीच ओळखले जावे, यासाठी ही साधी नोंद पुरेशी आहे.