फेरेटच्या रक्तावरून माणसाची लस?

प्रश्न : मी महाळुंग्यात कंपनीत कामाला आहे. आमच्याकडे फ्लूच्या लशीचा कॅम्प आहे. लस आधी प्राण्यांवर तपासतात म्हणे. त्यांच्यात अँटिबॉडी झाल्या म्हणजे आमच्यात होतीलच कशावरून?

उत्तर : होतीलच असं नाही, शंका रास्त आहे. फ्लूसाठी सर्वात भरवशाचा प्राणी म्हणजे फेरेट, मुंगसासारखा दिसणारा. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाचा फ्लू त्याला लावून दाखवला. त्याला आपल्यासारख्याच शिंकाही येतात. उंदराला मात्र माणसाचा फ्लू सहसा सहजी लागत नाही.

अँटिबॉडी मोजायला लस दिलेल्या फेरेटच्या रक्तातला सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात, त्यात विषाणू आणि मग कोंबडीच्या किंवा टर्कीच्या तांबड्या पेशी घालतात. अँटिबॉडीने विषाणूला अडवलं, तर पेशी तळाशी लाल ठिपका होऊन बसतात. नाहीतर जाळीसारख्या पसरतात. माणसाचा सीरम १:४० इतका पातळ करूनही विषाणूला अडवत असेल, तर साधारण निम्मं संरक्षण धरतात.

गोची अशी, की प्रयोगातल्या फेरेटला आधी कधी फ्लू झालेला नसतो. तुम्हाला लहानपणापासून अनेकदा झालेला असतो. जुन्या अँटिबॉडी नव्या लशीला शरीर देतं तो प्रतिसाद बदलतात. शिवाय पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये आणली तशी नाकात फवारायची लस रक्तात कमी अँटिबॉडी दाखवूनही संरक्षण देऊ शकते. म्हणून प्राण्यांनंतर माणसांवरच्या चाचण्या लागतातच.

कॅम्पमध्ये लस जरूर घ्या. मधुमेह किंवा दमा असेल तर टाळू नकाच. अँटिबॉडी तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा शक्यतो पावसाळ्याआधी.