सटायर, व्यंग्य आणि व्यंग

इंग्रजीच्या तासाला ‘सटायर’, हिंदीच्या तासाला ‘व्यंग्य’ आणि घरी आजीच्या तोंडी ‘व्यंग’. जबलपुरात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या डोक्यात हे तीन शब्द एकमेकांत मिसळतात आणि त्यात नवल काही नाही. पण हा घोळ सोडवायला हवा. वसतिगृहात एखाद्याच्या तोतरेपणाची नक्कल करून वर ‘सर, हे तर सटायर आहे’ असे सांगणारे कॅडेट मी पाहिले आहेत.

सटायर हा शब्द लॅटिनमधल्या ‘सातुरा’वरून आला. ‘सातुर’ म्हणजे भरलेला, तृप्त. ‘लांक्स सातुरा’ म्हणजे नाना तऱ्हेच्या फळांनी भरलेले ताट. त्यावरून अनेक विषय एकत्र आणणाऱ्या कवितेला रोमन लोक सातुरा म्हणू लागले. पुढे होरेस आणि जुवेनाल यांनी तिच्यात लोकांच्या ढोंगाला आणि हावरेपणाला चिमटे काढले. सॅटिस्फाय आणि सॅच्युरेट हे शब्द याच कुळातले. गंमत म्हणजे ‘सॅड’सुद्धा! जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे पोट भरलेला. तेथून तो जड, कंटाळलेला असे करत दुःखी झाला.

ताटाची ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांना घेऊन आपल्या रूढींची फजिती केली. त्या लेखांना त्यांनी नावे दिली ‘सुदाम्याचे पोहे’ आणि ‘अठरा धान्यांचे कडबोळे’. रोमनांचे ताट आणि आपले कडबोळे, दोन्ही मिसळीचेच पदार्थ. एकाने दुसऱ्याचे पाहून नाव ठेवले असे मात्र मी म्हणत नाही.

पुढे सातुराच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’च्या जागी ‘वाय’ शिरला आणि लोकांना ग्रीक पुराणातला सॅटर आठवू लागला. सॅटर म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड, अगदी मोकाट प्राणी. मग सोळाव्या शतकातल्या इंग्रज कवींना वाटू लागले की सटायर म्हणजे ओबडधोबड, शिवराळच असायला हवे. एका चुकीच्या व्युत्पत्तीने लिहिण्याची रीतच बदलली. अखेर 1605 साली इझाक कासोबाँ या पंडिताने ग्रंथ लिहून दाखवून दिले की सटायरचा सॅटरशी संबंध नाही.

आपल्याकडची गफलत याच जातीची आहे. ‘व्यंग’ म्हणजे वि अधिक अंग : अंगात उणीव असलेला, आणि ती उणीवही. म्हणून निर्दोष ते ‘अव्यंग’. ‘व्यंग्य’ मात्र ‘अंज्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ उघड होणे, सूचित होणे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्य आणि त्यातून सुचणारा तो व्यंग्य, अशी फोड केली. हिंदीने सटायरसाठी हाच शब्द घेतला. बोलताना शेवटचा ‘य’ गळतो आणि दोन वेगळे शब्द एकसारखे ऐकू येतात. मराठीत आपण उपरोध, उपहास म्हणतो. ‘व्यंगचित्र’ मात्र ‘य’शिवायच रूढ झाले.

आता उदाहरण आपल्याच शहरातले. हरिशंकर परसाई जबलपुरात राहिले, येथूनच त्यांनी ‘वसुधा’ हे मासिक चालवले आणि 1995 साली येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेत घमापूर मोहल्ल्यातला एक निवृत्त कर्मचारी पेन्शनची वाट पाहत मरतो आणि त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटतो. नारद शोधत कचेरीत पोहोचतात, तर बाबू सांगतो की भोलारामच्या अर्जांवर वजन ठेवलेले नव्हते, म्हणून ते उडून गेले. नारदांना समोरचे पेपरवेट दिसतात. वजनाचा वाच्यार्थ पेपरवेट. व्यंग्यार्थ काय, ते ज्यांच्या घरी पेन्शनची फाइल फिरली आहे त्या पालकांना समजावून सांगायला नको. शेवटी नारदांची वीणाच वजन म्हणून ठेवली जाते आणि जीव सापडतो तो पेन्शनच्या फाइलीत!

या सगळ्यात परसाई हसतात कोणाला? भोलारामच्या गरिबीला नव्हे, मोडक्या घरालाही नव्हे. हसणे आहे ते खुर्चीवर बसून वजन मागणाऱ्याला. त्यांच्या ज्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला त्याचे नाव ‘विकलांग श्रद्धा का दौर’. येथेही विकलांग म्हटले आहे ते श्रद्धेला, माणसाला नाही. तोतऱ्या मुलाची नक्कल करणारा कॅडेट ‘य’ विसरलेला असतो. तो व्यंगाला हसतो, त्यात व्यंग्य काहीच नसते.

भोलारामची कथा सहा-सात पानांची आहे, रविवारी वाचून होईल. वाचताना ‘वजन’ कोठे कोठे येते तेथे पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी दोन अर्थ वहीत लिहून आणा.